पंप जपा, टाकी बदला!

गॅरेजच्या कोपऱ्यात तीस-चाळीस वर्षे इमानाने राबलेल्या कॉम्प्रेसरच्या टाकीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, की मालक वेल्डरला बोलावतो. ठिगळ लागते, गळती थांबते आणि यंत्र पुन्हा धडधडू लागते. धोका मात्र संपलेला नसतो.

दाबलेली हवा थंड होताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते व ते टाकीच्या तळाशी साचते. त्यामुळे गंज आतून पत्रा खात जातो. बाहेरचा रंग शाबूत राहतो. छिद्र दिसते, तेव्हा भोवतालचा पत्राही बहुधा पातळ झालेला असतो. चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब असला, तर ४० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या प्रत्येक टोकावर सुमारे पावणेनऊ टन भार येतो. तो पेलण्याची ताकद ठिगळाने परत येत नाही. अशी टाकी भंगारातच जायला हवी.

गळती नसलेल्या जुन्या टाकीच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक उपकरणाने मोजता येते. त्यानंतर जलदाब चाचणी. तीत टाकी पाण्याने काठोकाठ भरून नेहमीपेक्षा अधिक दाब देतात. पाणी हवेसारखे आकुंचन पावत नसल्याने पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही. हीच चाचणी हवा भरून करण्याचे धाडस कोणी करू नये.

जुन्या यंत्राचे खरे मोल बिडाच्या पंपात असते. रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग बदलून तो चालता ठेवता येतो. तोच प्रमाणित नव्या टाकीवर बसवावा, सेफ्टी व्हॉल्व्हही नवाच घ्यावा आणि तळाचा कॉक रोज उघडून पाणी काढून टाकावे.