कॅलरी मोजणारं फुकटचं ॲप. पैसे भरावेत का?

नातेपुते : वजन कमी करायला कॅलरीचं ॲप घेतलं, की लगेच ‘प्रीमियम घ्या’ सुरू होतं. नुसत्या नोंदीसाठी फुकटचं पुरतं. पैसे भरले तरी तुमची भाकरी केवढी, कालवणात तेल किती, हे ॲपला कळत नाही. ते घरीच मोजा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३३५ कॅलरी, छोट्या चमचाभर तेलात ४५. आहारतज्ज्ञ स्वतः बोलणार असेल, तरच पैशांचा विचार करा.

‘सात दिवस मोफत’ घेतलंय? नुसतं ॲप डिलीट करून पैसे कापायचे थांबत नाहीत. मुदतीआधी प्ले स्टोअरमध्ये ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडून सबस्क्रिप्शन रद्द करा. शुगर असेल तर डॉक्टरांना विचारूनच जेवण कमी करा.