‘फोन करा’ बटण गेलं कुठे? नव्या वेब डिझायनरसाठी ब्राउझरमधली टूल्स

बसमध्ये, लोकलमध्ये, भांडी घासता घासता ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर.

आधी माझी फजिती सांगतो. एचटीएमएल-सीएसएस नुकतंच शिकलो होतो. आमच्या गल्लीत डबे देणाऱ्या काकूंना मी हौसेनं वेबसाइट करून दिली. लॅपटॉपवर झकास दिसायची. पंधरा दिवसांनी काकू म्हणाल्या, "अरे, साइट बघून एकाचाही फोन नाही आला. लोक म्हणतात, नंबरच सापडत नाही." त्यांच्या फोनवर उघडली, तर ‘फोन करा’ बटण स्क्रीनच्या बाहेर! वरची पट्टी मी १,००० पिक्सेल रुंद अशी ठोकून दिली होती आणि बटण तिच्या उजव्या टोकाला. शिवाय फिक्या करड्या रंगातला पत्ता उन्हात दिसेना.

या दोन्ही चुका ब्राउझरनं मला फुकटात दाखवल्या असत्या. मी बघितलंच नाही.

एक: आधी घरातलं वापरा

कुठलंही एक्स्टेन्शन टाकण्याआधी क्रोममधलं डेव्हटूल्स उघडा. पानावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा, किंवा एफ-१२ दाबा. मग कंट्रोल-शिफ्ट-एम. पान फोनच्या आकारात दिसायला लागतं. रुंदी ३६० करून बघा. काही उजवीकडे बाहेर जातंय का? आडवं सरकवावं लागतंय का? माझी पट्टी इथेच पकडली गेली असती. उपाय अगदी छोटा: ‘विड्थ’ काढून ‘मॅक्स-विड्थ १०० टक्के’ लिहायचं आणि बटणाला खालच्या ओळीत येऊ द्यायचं.

एक लक्षात ठेवा. डेव्हटूल्समध्ये केलेला बदल पान रिफ्रेश केलं की सहसा उडून जातो. जमलेला बदल लगेच आपल्या फाइलमध्ये लिहा. मी एकदा दोन तासांचं काम असंच घालवलंय!

दोन: रंग डोळ्यांनी नाही, आकड्यानं तपासा

‘एलिमेंट्स’मध्ये अक्षरांच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की कॉन्ट्रास्ट रेशो दिसतो. डब्ल्यूसीएजी या जागतिक नियमावलीत साध्या मजकुरासाठी तो निदान ४.५ हवा, मोठ्या अक्षरांना ३ चालतो. पांढऱ्यावर मी वापरलेला करडा, म्हणजे हेक्समध्ये सहा वेळा नऊ, जेमतेम २.८५ भरतो. सहा वेळा सात घेतला तरी ४.४८, म्हणजे थोडक्यात नापास! रंग आणखी थोडा गडद केला की काम झालं.

तीन: मोजकीच एक्स्टेन्शन्स

व्हॉटफॉन्ट: एखाद्या साइटवरचं अक्षर आवडलं, तर त्यावर माउस नेला की फॉन्टचं नाव कळतं.

वेव्ह: वेबएम या संस्थेचं. फोटोला वर्णन नाही, फॉर्मच्या रकान्याला लेबल नाही, अशा जागांवर थेट पानावरच खुणा करतं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना तुमची साइट कुठे अडवते, ते यातून बरंचसं कळतं.

लाइटहाउस तर क्रोममध्येच असतं, वेगळं टाकायला नको. वेग, सुलभता वगैरेंना १०० पैकी गुण देतं. इन्कॉग्निटोमध्ये चालवा, नाहीतर इतर एक्स्टेन्शन्समुळे गुण बदलतात. आणि १०० पडले म्हणजे सगळं ठीक, असं नसतं हं. काकूंचा नंबर चुकीचा टाकलात तरी लाइटहाउस काही बोलणार नाही.

चार: मराठी साइट असेल तर

सीएसएसमधल्या ‘लेटर-स्पेसिंग’नं इंग्रजी मथळा ऐटदार दिसतो, पण देवनागरीत शिरोरेषा तुटते. तिथे ते शून्यच ठेवा. फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर ब्राउझर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. नेमका कुठला लावला, ते ‘कंप्युटेड’ टॅबमध्ये तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’खाली दिसतं. मुक्ता किंवा बलू घेतलात, तर दोन्हींत देवनागरी आहे. ते मुंबईच्या एक टाइपनं केलेत. पानाची भाषा ‘एमआर’ लिहायला विसरू नका. काही फॉन्ट त्यावरूनच ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं दाखवतात.

पाच: परवानगी वाचा

एक्स्टेन्शन टाकताना ‘सगळ्या वेबसाइट्सवरचा तुमचा डेटा वाचणं आणि बदलणं’ अशी परवानगी मागितली जाते. यात बँकेचं पानही आलं. म्हणून ‘साइट अ‍ॅक्सेस’मध्ये ‘क्लिक केल्यावरच’ निवडा आणि न लागणारी एक्स्टेन्शन्स काढून टाका.

शेवटी, खऱ्या फोनला पर्याय नाही. अँड्रॉइड फोनमध्ये यूएसबी डीबगिंग सुरू करा, तो केबलनं लॅपटॉपला जोडा आणि क्रोममध्ये ‘क्रोम://इन्स्पेक्ट’ उघडा. फोनवरचं पान लॅपटॉपवरून तपासता येतं.

काकूंचं बटण आता पानाच्या मधोमध आहे, अंगठ्याला सापडेल एवढं मोठं. दुरुस्तीनंतर पहिला फोन आला, तेव्हा त्यांनी मला डबा फुकट दिला!

तर मंडळी, आजचा गृहपाठ: तुमची एक साइट ३६० पिक्सेलवर उघडा, मग फोन घेऊन उन्हात जा आणि वाचता येते का बघा. भेटू पुढच्या भागात!