शिंपी पक्ष्याचे शास्त्रीय नाव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिरवट पाठीचा, तांबूस माथ्याचा आणि पानांच्या कडा शिवून त्या द्रोणात घरटे बांधणारा शिंपी हा पक्षी महाराष्ट्रातील परसबागांत सर्वत्र आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव ऑर्थोटोमस सुटोरियस असे आहे. पक्षिविषयक पुस्तकांत हे नाव तिरप्या अक्षरांत छापलेले असते आणि पुढे कंसात एक आडनाव व वर्ष दिलेले असते. परंतु या छोट्या ओळीत काय सांगितलेले असते याविषयी, आणि पक्ष्यांच्या वर्गीकरणाविषयीही, अनेक चुकीच्या समजुती रूढ आहेत.

त्यांपैकी सर्वांत मूलभूत समजूत 'गायक पक्षी' या संज्ञेविषयीची आहे. गोड गातो तो गायक पक्षी, असे सहज मानले जाते. प्रत्यक्षात ही संज्ञा शरीररचना आणि वंशसंबंध यांवर आधारलेली असून, श्वासनलिकेला जेथे फाटे फुटतात तेथील ध्वनियंत्राचे स्नायू ज्यांच्यात विशेष गुंतागुंतीचे असतात, अशा पॅसेरिफॉर्मिस गणातील पक्ष्यांच्या एका मोठ्या उपगणाला ती लावली जाते. म्हणूनच कर्कश ओरडणारा कावळा शास्त्रीय अर्थाने गायक पक्षी ठरतो, आणि मराठी काव्याने गायिका म्हणून गौरवलेली कोकिळा मात्र वेगळ्याच गणात मोडते. नवरंग हा तर पॅसेरिफॉर्मिस गणातील असूनही या उपगणाबाहेर राहतो. शिंप्याचा 'ट्विट्-ट्विट्' असा एकसुरी आणि आकाराच्या मानाने फार मोठा आवाज कोणाला आवडो वा न आवडो, त्याचे गायक पक्ष्यांतील स्थान त्यावर अवलंबून नाही.

नावापुढील व्यक्ती ही पक्ष्याची शोधकर्ती असते, ही समजूतही तितकीच रूढ आहे. शिंप्याच्या नावापुढे (पेनंट, १७६९) असे लिहिले जाते. टॉमस पेनंट हे वेल्समधील निसर्गअभ्यासक भारतात किंवा श्रीलंकेत कधीही आलेले नव्हते. डच अमदानीतील सिलोनचे गव्हर्नर राहिलेले योहान गिडेऑन लोटेन यांच्या संग्रहातील चित्रांच्या आधारे त्यांनी भारतीय प्राण्यांविषयीचे आपले पुस्तक सिद्ध केले आणि त्यात या पक्ष्याला नाव दिले. पक्षी ज्यांच्या अंगणात वावरत होता त्या लोकांना तो अर्थातच त्याआधीपासून माहीत होता. तेव्हा नावापुढील आडनाव फक्त इतकेच सांगते की, नियमांना मान्य होईल असे नाव प्रथम कोणी प्रसिद्ध केले. त्या आडनावात स्थानिक लोकांच्या ज्ञानाची नोंद नसते, हे त्या पद्धतीचे उणेपण मान्य केले पाहिजे.

त्या आडनावाभोवतीचा कंस संशय दर्शवतो असे काही वाचकांना वाटते. वस्तुतः त्यात इतिहास दडलेला असतो. पेनंट यांनी दिलेले मूळ नाव मोटासिला सुटोरिया असे होते. कार्ल लिनिअस यांच्या सिस्टिमा नॅचुरे या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांच्या द्विपद नामकरणाचा आरंभ मानला जातो आणि त्या काळी मोटासिला या एकाच प्रजातीत, म्हणजे जातींच्या एका गटात, बारीक चोचीचे नाना प्रकारचे लहान पक्षी घातले जात. सुभग आणि युरोपातील नाइटिंगेल हेही त्यात होते. पुढे या गटाचे विभाजन होत गेले आणि आज मोटासिला हे नाव केवळ धोबी पक्ष्यांपुरते उरले आहे. टॉमस हॉर्सफील्ड यांनी १८२१ मध्ये जावा बेटावरील एका जातीवरून ऑर्थोटोमस ही प्रजाती मांडली आणि नंतर आपला शिंपीही तीत आला. जातीची प्रजाती अशी बदलली की मूळ नामकर्त्याचे नाव कंसात जाते. ऑर्थोटोमस हा शब्द पुल्लिंगी असल्यामुळे सुटोरिया या विशेषणाचे सुटोरियस झाले, एवढाच त्या पदातील फरक.

येथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. शास्त्रीय नाव कधीच बदलत नाही असे म्हणणेही बरोबर नाही आणि शास्त्रज्ञ ते मनाला येईल तसे बदलतात असे म्हणणेही बरोबर नाही. पहिले पद वंशसंबंधाविषयीचे आजचे मत सांगते, म्हणून नवा पुरावा मिळाल्यावर ते बदलू शकते. दुसऱ्या पदाला मात्र अग्रक्रमाचा नियम लागू होतो, म्हणजे एकाच जातीला अनेक नावे मिळाली असतील तर सामान्यतः सर्वांत जुने वैध नाव टिकते. १७९० मध्ये जॉन लॅथम यांनी गुजरातच्या नावावरून गुझुराटा असे नाव दिलेला पक्षी पुढे याच जातीचा ठरला. त्यामुळे जातीचे नाव १७६९ चेच राहिले आणि लॅथम यांचे नाव उपजातीच्या पातळीवर, ऑर्थोटोमस सुटोरियस गुझुराटस असे वापरात उरले. महाराष्ट्रातील शिंपी याच उपजातीचा आहे. गुजरातच्या नावाचा पक्षी सह्याद्रीत कसा, हा प्रश्न येथे गैरलागू आहे, कारण नावाने खुणेचे काम करायचे असते, वर्णन अचूक असण्याची अट त्याच्यावर नसते.

या नियमांची संहिता एक आंतरराष्ट्रीय आयोग सांभाळतो, आणि त्यावरून पुष्कळांचा असा ग्रह होतो की कोणता पक्षी स्वतंत्र जात आहे याचा निवाडाही तोच आयोग करतो. तसे नाही. संहिता फक्त नावांचे नियमन करते. जातींच्या सीमा अभ्यासक पुराव्यांवरून सुचवतात आणि पक्ष्यांच्या जागतिक याद्या तयार करणारे ती सूचना स्वीकारतात किंवा नाकारतात. दोन चांगल्या पुस्तकांत जातींची संख्या वेगळी दिसते ती यामुळे. त्यांपैकी एक चुकीचेच असले पाहिजे असे नाही.

दिसण्यातील किंवा घरट्यातील साम्य म्हणजे नाते, हा समज सर्वांत चिवट आहे. शिंपी पूर्वी सिल्व्हिइडी नावाच्या अवाढव्य कुलात धरला जाई. डीएनएच्या अभ्यासाने ते कुल एकाच पूर्वजापासूनचे नसल्याचे दाखवल्यावर त्याचे तुकडे झाले आणि शिंपी वटवट्यांबरोबर सिस्टिकोलिडी कुलात गेला. राखी वटवट्याही कधीकधी पाने शिवून घरटे करतो, ही गोष्ट या नात्याच्या संदर्भात लक्षणीय आहे. याउलट पूर्व हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंतच्या डोंगराळ जंगलांत राहणारा, दीर्घकाळ ऑर्थोटोमस प्रजातीत गणला गेलेला 'पहाडी शिंपी' खऱ्या शिंप्यांचा जवळचा नातलग नसल्याचे सिद्ध झाले. तो आता सेटिइडी या दुसऱ्याच कुलात फिलर्गेटिस कुकुलेटस या नावाने नोंदला जातो.

तथापि, सारे काही आता डीएनएच ठरवते असा निष्कर्ष काढणे ही उलट बाजूची चूक होईल. २००९ मध्ये कंबोडियात बर्ड फ्लूच्या तपासणीसाठी पक्षी पकडले जात असताना एक अपरिचित शिंपी हाती लागला, आणि २०१३ मध्ये ऑर्थोटोमस चाकटोमुक या नावाने त्याचे स्वतंत्र जात म्हणून वर्णन प्रसिद्ध झाले. हे नाव लॅटिन नाही, ग्रीकही नाही. नॉम पेन्ह येथील नद्यांच्या संगमाचे ते ख्मेर नाव आहे, आणि नियमांना त्यात काही वावगे नाही. हा पक्षी राजधानीच्या हद्दीतील पूरमैदानाच्या झुडपांतही राहतो. काळ्या गळ्याच्या शिंप्याशी त्याचा जनुकीय फरक इतका अल्प आहे की एरवी तो उपजातींमध्ये आढळावा. पण दोघांचा पिसारा आणि गाणे स्पष्टपणे भिन्न आहेत, आणि काही ठिकाणी शेजारी राहूनही त्यांचा संकर होताना दिसत नाही. त्याला स्वतंत्र जात मानताना अभ्यासकांनी याच पुराव्याला अधिक महत्त्व दिले.