मला हवा होता बर्फ, शरीराला हवं होतं लोह!

सेकंड इयरला असताना मला बर्फ खायचं वेड लागलं होतं. अक्षरशः वेड! सदाशिव पेठेत आम्ही चौघी कॉट बेसिसवर राहायचो. संध्याकाळी रसवंतीत गेलो की बाकीच्या तिघी म्हणायच्या, ‘दादा, बर्फ कमी.’ आणि मी म्हणायचे, ‘दादा, माझ्यात जास्त टाका.’ रस संपला की तळाचा बर्फ कडाकडा चावून खायचा, हा माझा खरा कार्यक्रम. एप्रिलमध्ये कुणाला काही वाटलं नाही. पण डिसेंबरच्या थंडीतही मी घरमालक काकूंच्या फ्रीजमधला ट्रे रिकामा करायला लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, ‘अगं, तुला झालंय तरी काय?’

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘उष्णता झाली असेल, सब्जा भिजवून घे.’ रूममेट म्हणाली, ‘बॉडी मागतेय तर दे ना!’ मला तेच पटलं. सगळ्या रील्समध्ये तेच तर सांगतात, शरीराचं ऐका म्हणून. मी ऐकत होते की! शरीर म्हणतंय बर्फ, मी देतेय बर्फ.

त्याच काळात शरीर आणखीही बरंच काही सांगत होतं. जिना चढताना धाप लागायची. केस गळत होते. लेक्चरला बसल्या बसल्या डोळे मिटायचे. ते मात्र मी सबमिशनच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. खाण्याचं म्हणाल तर सकाळी चहा-क्रीमरोल, दुपारी वडापाव, त्यावर कटिंग, मेसला दांडी आणि रात्री मॅगी.

मग एके दिवशी कॉलेजचा तिसरा मजला चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच पायरीवर बसले. मैत्रिणींनी धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, ‘बर्फ, खडू, माती, कच्चे तांदूळ... असलं काही खावंसं वाटतं का गं?’

मी चाटच पडले. यांना कुणी सांगितलं?

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ७.९. बायकांमध्ये ते किमान १२ तरी हवं. जे अन्नच नाही ते खावंसं वाटण्याला वैद्यकीय भाषेत ‘पायका’ म्हणतात आणि लोहाच्या कमतरतेत तो बऱ्याचदा दिसतो. म्हणजे शरीर खरंच ओरडत होतं. फक्त ते बोललं ‘बर्फ’ आणि त्याला हवं होतं लोह!

एकटी मीच नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुली ॲनिमिक निघाल्या. पोरांनो, हसू नका, त्याच वयाच्या मुलांमध्येही हा आकडा ३१ टक्के आहे. आता तुमच्या वर्गात डोकी मोजून बघा.

बर्फ आवडतो म्हणजे ॲनिमिया झालाच, असं अजिबात नाही. पण एखादी गोष्ट खायची ओढ आठवडेच्या आठवडे सुटत नसेल आणि सोबत थकवा असेल, तर गुगल करत बसू नका. सीबीसी करून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे, सरकारी दवाखान्यातही होते.

भुकेचंही टाइमटेबल असतं

शरीराचं ऐकायचं तर ते बोलतं कसं, हे आधी कळायला हवं. भूक जागी करणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक प्रामुख्याने जठरात तयार होतं. पुरे झालं हे मेंदूला कळवायचं काम करणारं लेप्टिन चरबीच्या पेशींमधून येतं. घ्रेलिन आपल्या जेवणाच्या रोजच्या वेळा लक्षात ठेवतं आणि त्या सुमारास वाढतं. ‘मला सकाळी भूकच लागत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी आठवून बघावं, आपण किती महिने नाश्ता बुडवतोय ते.

दुसरी गंमत झोपेची. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास. कमी झोपेनंतर घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त भरलं, लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी. आणि ओढ वाढली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता वेफर्सचं पाकीट का फुटतं, ते आता कळलं ना? तेव्हा शरीर खायला मागत नसतं, झोपायला मागत असतं.

मग ऐकायचं कसं?

आपल्या आज्यांनी सोपी टेस्ट सांगून ठेवलीय : भुकेला कोंडा, निजेला धोंडा. काही खावंसं वाटलं की स्वतःला विचारा, आत्ता समोर मेसची पोळी आणि दुधी भोपळा आला तर खाईन का? उत्तर ‘हो’ असेल तर भूक खरी आहे, बिनधास्त खा. ‘नको, फक्त मंच्युरियनच हवं’ असं असेल तर ती बहुधा जिभेची मागणी आहे. जिभेचेही लाड करावेत, त्यात पाप नाही. पण ते लाड आहेत, हे आपल्याला ठाऊक असावं.

पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. मोबाइल बघत सात मिनिटांत ताट संपवलं तर तो निरोप ऐकणार कोण? निदान एक जेवण तरी स्क्रीन पालथी ठेवून करा.

आणि चहा! माझी सगळ्यात मोठी चूक तीच होती. जेवणाला लागून घेतलेल्या चहातले टॅनिन्स भाजी-डाळीतलं लोह शरीराला नीट घेऊ देत नाहीत. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व नेमकं उलटं काम करतं. म्हणून बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, हळिवाचा लाडू यांना लिंबाची सोबत द्या आणि कटिंग तासाभराने घ्या. पण हिमोग्लोबिन खूप खाली गेलं असेल तर नुसत्या खाण्याने भागत नाही, गोळ्या लागतात. त्या डॉक्टरांना विचारूनच.

मी तीन-चार महिने गोळ्या घेतल्या, मेसला नियमित जायला लागले. गंमत म्हणजे थकवा जायच्या कितीतरी आधी, पहिल्या काही आठवड्यांतच, बर्फाची ओढ गेली. मार्चमध्ये पुन्हा रसवंतीत गेलो, तेव्हा दादांनी न विचारताच माझ्या ग्लासात बर्फ भरला.

मी म्हटलं, ‘दादा, कमी टाका. आणि लिंबू जरा जास्त.’