विहारातील कागदपत्रे आणि दानाचा हिशेब

लाओसमधील लुआंग प्रबांग हे नगर तेथील विहारांमुळे बौद्ध जगतात विख्यात आहे. तेथील वाट सेन सुखाराम विहाराचे प्रमुख महाथेर फा खामचान (१९२०–२००७) यांनी आयुष्यभर छायाचित्रे जपली. प्रव्रज्या, उत्सव, अंत्यविधी, गुरु-शिष्यांच्या भेटी असे भिक्खुजीवनाचे दर्शन त्यांत घडते. पुढे नगरातील इतर विहारांतील छायाचित्रेही त्यांत मिळाली व तीस हजारांहून अधिक छायाचित्रांचे अंकीकरण झाले. या कार्यास धन कोठून आले, हे आपल्या वाचकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

हे साहाय्य ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम’ या योजनेचे. आर्केडिया या दानसंस्थेच्या निधीतून ती २००४ मध्ये सुरू झाली. मूळ वस्तू त्या देशाबाहेर जाऊ नये आणि अभ्यासकांना प्रत विनामूल्य पाहता यावी, अशा तिच्या अटी आहेत. ही योजना मुख्यतः जुन्या काळातील साहित्याकडे पाहते. विसाव्या शतकातील व त्यानंतरच्या साहित्यासाठी त्याच दानसंस्थेच्या निधीतून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील ग्रंथालयाने २०१८ मध्ये वेगळी योजना काढली. आपल्याकडे २००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची व्याख्या हस्तलिखितांपुरती, तीही किमान ७५ वर्षे जुन्या, अशी आहे. छापील कागद तीत बसत नाही. आणि आपला इतिहास तर बहुतांशी छापील कागदावरच आहे!

‘मूकनायक’ (१९२०) व ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली पुनर्मुद्रित केले, ते वाचले. परंतु गावोगावच्या परिषदांची हस्तपत्रके, जलशांच्या पुस्तिका, समता सैनिक दलाच्या नोंदी, १९५६च्या धम्मदीक्षेनंतर स्थापन झालेल्या विहारांची इतिवृत्ते यांचे काय? ती कोणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत आहेत. स्वस्त कागदातील आम्लामुळे तो आपोआप पिवळा पडतो, ठिसूळ होतो. हात लावताच तुकडे पडतात.

खर्चाविषयी एक गैरसमज सर्वत्र दिसतो. अंकीकरण म्हणजे यंत्र विकत घेणे, असे मानून यंत्रासाठी दान मिळविले जाते, उद्घाटनही होते, आणि यंत्र कपाटात राहते. वस्तुतः यंत्र हा एकदाचा खर्च आहे. खरा खर्च माणसांचा: घड्या उलगडणे, धूळ पुसणे, पाने क्रमाने लावणे, आणि छायाचित्रातील व्यक्ती कोण हे वृद्ध उपासक-उपासिकांना विचारून लिहून ठेवणे. नाव नसलेले छायाचित्र संगणकावर चढविले तरी मुकेच राहते. विचारावयाची माणसे दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून हा खर्च पुढे ढकलता येत नाही.

दुसरा खर्च साठवणीचा. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान इंचास ३०० बिंदू या प्रमाणात, न आकुंचविता ठेवले, तर सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे दहा हजार पानांस सुमारे २६० गिगाबाइट. आज ही जागा महाग नाही. मात्र तबकडी काही वर्षांनी बिघडते, म्हणून नवीवर उतरवावी लागते, आणि हे अखंड चालते. अनुदान दोन-तीन वर्षांत संपते. हा भार ज्याचा संग्रह त्यालाच वाहावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा तेथील अंकीय संग्रह दीर्घकाळ पाहता येईना. ज्यांनी आपल्या जवळ प्रत ठेवली होती, त्यांचे काम अडले नाही.

दायकांनी वर्गणी देताना ती यंत्रास न देता एका व्यक्तीच्या वर्षभराच्या मानधनास द्यावी, असे आम्हांस वाटते. प्रारंभ तर याहूनही अल्प खर्चात होतो. पेटीत काय आहे, किती पाने, कोणत्या सालची, कोणाच्या घरची, एवढे एका वहीत उतरवावे. अनुदानाच्या अर्जातही संग्रहात नेमके काय व किती आहे, हे प्रथम सांगावेच लागते.