वाघ पिंजऱ्यात आपणहून शिरतो तेव्हा : राणीच्या बागेतल्या बदल्या, बारशी आणि नवी घरं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलतानाची वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत. मधले खोकले आणि चहाचे घोट तेवढे काढलेत.

तर सुरुवात करतो माझ्या भाचीपासून. २०२२ च्या मे महिन्यात तिला घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो. वय वर्षं आठ, सुट्टी लागलेली, प्रश्नांना तोटा नाही. वाघाच्या काचेसमोर ही गर्दी. वाघ लांब सावलीत आडवा झालेला, शेपूट तेवढी हलताना दिसायची. लोक काचेवर टकटक करत होते. (कृपा करून हे करू नका हो. दुपारी तुमच्या दारावर कुणी दर दोन मिनिटांनी असं वाजवलं तर?) भाचीने पेपरात वीराचं नाव वाचलं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे जन्मलेली वाघीण, शक्ती आणि करिश्मा यांची मुलगी. ती मला म्हणाली, "मामा, वीराचं लग्न कुणाशी होणार?"

मी हसलो. पण घरी आल्यावर लक्षात आलं की प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या माणसांपुढचा खरा प्रश्न तोच आहे. आपल्याला बातम्या तीनच प्रकारच्या मिळतात : अमुक प्राणी आला, तमुकला पिल्लू झालं, नवं दालन खुलं झालं. तिन्ही गोड बातम्या. या तिन्हींमध्ये काय दडलेलं असतं, ते आज बघू.

आधी येण्याजाण्याचं. शक्ती आणि करिश्मा फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून मुंबईला आले. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. आता मला सांगा, दीडदोनशे किलोचा वाघ ट्रकमध्ये कसा चढवायचा? बेशुद्ध करून, असंच आपल्याला वाटतं ना? मलाही वाटायचं. पण प्रवासाला बेशुद्ध वाघ म्हणजे डॉक्टरच्या जिवाला घोर. गुंगीत शरीराचं तापमान बिघडतं, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि बंद पिंजऱ्यात मान वाकडी पडली तर बाहेरून हात घालता येत नाही. म्हणून जमेल तिथे वाघाला जागेपणीच न्यायचं, आणि पिंजऱ्यात त्याला आपल्या पायांनी शिरू द्यायचं, ही रीत.

ते कसं करायचं? घाई न करता. वाहतुकीचा पिंजरा आधी काही दिवस वाघाच्या रात्रीच्या कोठडीला चिकटवून ठेवतात, दार उघडं. पहिल्या दिवशी तो नुसता वास घेतो, फिस्कारतो, लांब जाऊन बसतो. मग मटण पिंजऱ्याच्या तोंडाशी. मग थोडं आत. मग शेवटच्या टोकाला. असं करत करत एक दिवस तो आत जाऊन निवांत जेवतो आणि जेवून बाहेर येतो. तेव्हाही दार पाडायचं नाही! पिंजरा ही जेवायची जागा आहे, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसू द्यायचं. जायच्या दिवशी तेवढं दार खाली येतं.

पिंजरा कसा असतो, तर मुद्दाम अरुंद. बघायला निर्दयी वाटतं. पण ऐसपैस असता तर ब्रेक लागला की वाघ आत आपटला असता. बसता यावं, उठता यावं, हवा खेळावी, पाणी देता यावं, आणि उजेड कमी असावा. प्रवास शक्यतो रात्रीचा, उन्हाचा ताप नको म्हणून. सोबत डॉक्टर आणि ज्याचा आवाज वाघाच्या ओळखीचा आहे असा माणूस. नव्या ठिकाणी पोचल्यावर लगेच लोकांसमोर नाही. साधारण महिनाभर वेगळं ठेवायचं, शेण तपासायचं, रक्त तपासायचं, एखादा रोग बरोबर आलाय का बघायचं. आपण सगळ्यांनी पुढे त्याच वर्षी मार्चपासून विलगीकरण म्हणजे काय ते अनुभवलंच. प्राणिसंग्रहालयांत ते कधीपासून रोजच्या कामातलं आहे.

आता कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? आहे तिथेच राहू द्या की.

इथे भाचीचा प्रश्न परत येतो. एका बागेत एक जोडी आहे, त्यांना चार पिल्लं झाली. ती मोठी झाली. बाहेरून कुणी आलं नाही, तर ती एकमेकांतच जुळणार. म्हणजे आपल्या भाषेत सगोत्र सोडा, सख्ख्या भावंडांचं लग्न. दोनतीन पिढ्या असं चाललं की रक्तात लपलेले दोष वर यायला लागतात.

आणि हे पुस्तकी भय नाही, आपल्याच देशात झालंय. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी एक पांढरा बछडा जंगलातून धरला, त्याचं नाव मोहन. त्याची जोडी आधी साध्या रंगाच्या वाघिणीशी लावली, तर पिल्लं सगळी पिवळी. मग काय केलं? त्यातल्याच एका मुलीशी, राधाशी, म्हणजे मोहनच्या पोटच्या लेकीशी त्याची जोडी लावली. १९५८ मध्ये चार पांढरी पिल्लं झाली. जगभर कौतुक झालं. लोक तिकिटं काढून बघायला आले, आणि रंग टिकवायचा म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावणं पुढेही चालूच राहिलं. पांढऱ्या वाघांमध्ये डोळे तिरळे असणं सर्रास दिसतं, कारण त्या रंगाच्या जनुकासोबत डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाटच चुकते. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, मंडळी. जंगल वाचवायला त्याचा काही उपयोग नाही. माझं मत विचाराल तर तो फक्त आपल्या हौसेसाठी जन्माला घातलेला वाघ आहे.

दुसरं उदाहरण सिंहांचं. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात आपले आशियाई सिंह आणि सर्कशीतून आलेले आफ्रिकी रक्ताचे सिंह यांची सरमिसळ झाली. पिल्लं होत गेली, संख्या वाढत गेली. पुढे तपासणीत कळलं की हे ना धड इथले, ना तिथले. त्यांची प्रतिकारशक्तीही कमजोर पडली होती. शेवटी प्रजनन थांबवावं लागलं, आणि त्या सिंहांना म्हातारे होईपर्यंत सांभाळत बसणं एवढंच हातात उरलं. म्हणजे बघा, दर वेळी पिल्लू झाल्यावर पेढे वाटले असणार, आणि दर वेळी गुंता थोडा वाढला असणार.

यावर उपाय म्हणजे वंशावळीची वही. त्र्यंबकेश्वरला उपाध्याय तुमच्या पणजोबांचं नाव चोपड्यातून काढून दाखवतात ना, तसंच. कोणता प्राणी कुठे जन्मला, आई कोण, बाप कोण, कधी कुठे हलवला, कधी मेला. जगातली अशी पहिली आंतरराष्ट्रीय वही युरोपातल्या गव्याची, १९३२ पासूनची. जंगलातून तो पार संपला होता. आज युरोपात फिरणारे गवे जेमतेम डझनभर पूर्वजांपासून वाढवलेले आहेत, आणि त्या वहीशिवाय ते जमलं नसतं. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या मदतीने महत्त्वाच्या प्राण्यांच्या अशा वह्या ठेवल्या जातात. वाघासारखा प्राणी एका बागेतून दुसरीकडे द्यायचा तर प्राधिकरणाची आगाऊ परवानगी लागते. आणि हा व्यवहार बहुतेक वेळा पैशांचा नसतो, अदलाबदलीचा असतो. तुम्ही सिंह द्या, आम्ही वाघ देतो.

अक्षरशः हेच २०२२ च्या अखेरीस झालं. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली सिंह सफारी सिंहांवाचून ओस पडायची वेळ आली होती. जुनागढच्या सक्करबागेतून मानस आणि मानसी ही जोडी आली, आणि बदल्यात बोरिवलीची वाघांची जोडी गुजरातला गेली. जानेवारी २०२५ मध्ये मानसीला पिल्लू झालं. ही बातमी मला मनापासून आवडली. जंगलातले सगळे आशियाई सिंह एकट्या गुजरातेत, गीर आणि आसपास आहेत. २०२५ च्या गणनेत ते ८९१ भरले. तिथे उद्या एखादी साथ आली तर बाहेर जपून ठेवलेलं शुद्ध रक्त लागेल. म्हणजे बोरिवलीच्या त्या एका पिल्लाची गणतीत जागा आहे. पिल्लू आणि पिल्लू यांत फरक असतो तो हाच.

बरं, बाळंतपण. वाघीण साडेतीन महिन्यांत विते. पिल्लू जेमतेम किलोभराचं, डोळे मिटलेले. शेवटच्या दिवसांत तिला अंधारी, कोरडी, आवाज नसलेली कोठडी देतात. नर पूर्ण वेगळा, कारण तो पिल्लांना इजा करेल ही भीती कायम. आत जाणारा माणूस शक्यतो एकच, आणि तोही कमीत कमी वेळा. बाकी सगळं कॅमेऱ्यातून बघायचं. वाघिणीला धोका वाटला तर ती पिल्लं टाकून देते, कधी खाऊनही टाकते. म्हणून जन्माची बातमी आपल्याला उशिरा मिळते. वीराचंच बघा, जन्म १४ नोव्हेंबरचा आणि नाव जाहीर झालं जानेवारीत. तेव्हा मी कुरकुरलो होतो की एवढी लपवाछपवी कशाला. आता वाटतं, बरोबर केलं.

कारण उलटंही आपण पाहिलंय. जुलै २०१६ मध्ये सोलहून ८ हम्बोल्ट पेंग्विन राणीच्या बागेत आले. त्यातली एक मादी ऑक्टोबरमध्येच गेली, सात उरले. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. स्वातंत्र्यदिन! मी स्वतः तीनचार ग्रुपवर तिरंग्यासकट तो फोटो फिरवला होता. आठवड्याभरात पिल्लू मेलं. त्या पिल्लाबद्दलचा पुढचा मेसेज मी कुठल्याच ग्रुपवर टाकला नाही. ते आठवलं की अजून ओशाळल्यासारखं होतं.

पेंग्विन म्हटलं की बर्फ, असं भाचीलाही वाटत होतं. हम्बोल्ट पेंग्विन मात्र पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना बर्फ लागत नाही, पण आपला मे महिनाही सोसत नाही. म्हणून त्यांच्या दालनात १६ ते १८ अंश तापमान ठेवतात. मादी बहुधा दोन अंडी घालते, आईबाप आळीपाळीने सुमारे ४० दिवस उबवतात. नर कोण, मादी कोण, हे बघून सांगता येत नाही, त्यासाठी डीएनए तपासावा लागतो. त्यामुळे बारसं आधी आणि मुलगा की मुलगी ते नंतर, असा उलटा प्रकार! २०२१ मध्ये ओरिओ आणि ऑस्कर जन्मले, ते जगले, आणि पुढे पिल्लांची रांगच लागली. आता सात पक्ष्यांपासून सुरू झालेल्या या गोतावळ्यात बाहेरचे पक्षी आले नाहीत, तर पुढची पिढी सगळी चुलत-मावस भावंडंच. पुन्हा तोच सोयरिकीचा प्रश्न.

राहता राहिलं नवं घर. ज्यांनी जुनी राणीची बाग पाहिली आहे, त्यांना ते गज आणि सिमेंटची फरशी आठवत असेल. अस्वल दिवसभर एकाच रेषेत इकडून तिकडे. लहानपणी मला वाटायचं तो नाचतोय. तो नाच नसतो, डोकं बधिर झाल्याचं लक्षण असतं. आता काच आहे, माती आहे, झाडं आहेत, पाण्याचं डबकं आहे, चढायला ओंडके आहेत. हा बदल मोठा आहे, नाकारायचं कारण नाही. पण दालन बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला दिसतो तो अंगणाचा भाग. वाघांच्या एका जोडीला उघड्यावरची किमान १,००० चौरस मीटर जागा हवी, असा नियम आहे. म्हणजे साधारण पाव एकर. ताडोबातल्या वाघिणीचा मुलूख काही चौरस किलोमीटरांचा असतो. आणि मागची रात्रीची कोठडी? नियमातलं किमान माप आहे पावणेतीन मीटर लांब आणि एक मीटर ऐंशी रुंद. माझ्या स्वयंपाकघराएवढी. नवं दालन दाखवणाऱ्या कुठल्याच फोटोत ही मागची खोली नसते. तुम्ही गेलात तर तिथल्या माणसांना विचारा : रात्री प्राणी किती तास आत असतो? दालनात एकूण किती मावतात, आज किती आहेत? त्रास द्यायला नको, पण विचारा. मी विचारतो. कुणी वैतागतं, कुणी फार आपुलकीने सांगतं.

कारण प्रत्येक पिल्लाबरोबर एक हिशेब जन्माला येतो. बंदिवासातला वाघ पंधरावीस वर्षं जगू शकतो. तेवढी वर्षं रोजचं मांस, एक कोठडी, एक अंगणाचा तुकडा. दोन वर्षांनी पिल्लू आईजवळ राहत नाही, त्याला वेगळी जागा लागते. त्याला जंगलात सोडता येत नाही, ते शिकार शिकलेलं नसतं आणि माणसाला घाबरत नाही. जागा नसेल तर दुसरी बाग शोधायची. दुसऱ्या बागेतही वाघ भरपूर असतील, तर? म्हणून काही ठिकाणी नर-मादी मुद्दाम वेगळे ठेवतात, म्हणजे पिल्लं होऊच देत नाहीत. त्याची बातमी कधी होत नाही. मला विचाराल तर व्हायला हवी.

हे सगळं भाचीला एवढं सांगितलं नव्हतं. तेव्हा एवढंच म्हणालो की वीराचे आईबाप दोघंही एकाच गावचे, तेव्हा मुलगा त्या गावचा नको, लांबचा बघावा लागेल. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग वीरा आईला सोडून जाणार?"

मी सांगितलं, जंगलात असती तरी दोन वर्षांनी गेलीच असती, पायी.

"आणि इथून?"

मग तिथेच बाकावर बसून तिला तो पिंजरा सांगितला. आधी उघडं दार, मग तोंडाशी मटण, मग थोडं आत. तिने हातातली अर्धी खाल्लेली कुल्फी बाकाच्या टोकाला ठेवली, आणि दबकत दबकत, दर पावलाला थांबत तिच्याकडे सरकायला लागली. शेवटी मलाच सांगावं लागलं की दार पाडलंय, आता घरी चला.