पडद्यावर नायिका, दुकानात मात्र नायकच : मुलांच्या चित्रपट-वस्तूंतून स्त्री पात्रे का गळतात?

बंगळुरू : शाळा सुरू होण्याच्या सुमारास जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमधील बाजारात पाय ठेवायला जागा नसते. व्यापारी संकुलाभोवतीच्या रस्त्यांवर दप्तरे, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि कंपासपेट्या मांडलेल्या असतात. त्यांपैकी बहुतेकांवर कुठल्या ना कुठल्या चित्रपटाचे चित्र असते. विक्रेत्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलासाठी हवे की मुलीसाठी? मुलगा म्हटले की स्पायडर-मॅन, आयर्न मॅन आणि छोटा भीम पुढे येतात. मुलगी म्हटले की गुलाबी वस्तूंची चळत निघते आणि तिच्यावर एल्सा किंवा बार्बी असते. नायकांच्या बरोबरीने लढणारी ब्लॅक विडो सहसा दोन्हींकडे आढळत नाही. मुलांच्या ढिगात ती नसते, कारण ती स्त्री आहे. मुलींच्या ढिगात नसते, कारण ती राजकन्या नाही.

याचा दोष पदपथावरील विक्रेत्याला देणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडे माल पोहोचतो, तोवर सगळे ठरून गेलेले असते.

चित्रपटावर आधारित वस्तूंचा व्यवहार परवान्यावर चालतो. निर्मिती संस्था आपल्या पात्रांची चित्रे वापरण्याचा अधिकार खेळणी, कपडे वा दप्तरे बनविणाऱ्या कंपन्यांना देते आणि विक्रीवर रॉयल्टी घेते. खेळण्याचा साचा खर्चिक असतो आणि त्याचे काम प्रदर्शनाच्या कितीतरी आधी सुरू करावे लागते. म्हणजे प्रेक्षकांना कोणते पात्र भावले, हे कळण्यापूर्वीच कोणाची खेळणी निघणार हे निश्चित होते. अशा वेळी कंपन्या जुन्या समजुतीचा आधार घेतात : मुलगी नायकाचे खेळणे घेईल, पण मुलगा नायिकेचे घेणार नाही. मग नायिकेचा साचा निघत नाही. निघालाच, तर दुकानांकडे जाणाऱ्या मिश्र खोक्यात नायकांच्या अनेक बाहुल्यांबरोबर तिची एखादीच ठेवली जाते. ती लवकर संपली तरी एकूण आकडा लहानच राहतो आणि पुढच्या बैठकीत तोच आकडा ‘नायिका खपत नाही’ याचा पुरावा ठरतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१५ मधील ‘अ‍ॅव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन’चे आहे. या चित्रपटात विमानातून मोटारसायकलसह खाली झेपावते ती ब्लॅक विडो. हॅस्ब्रो कंपनीने या प्रसंगाचे खेळणे बाजारात आणले, तेव्हा मोटारसायकलवर कॅप्टन अमेरिका बसला होता! याच चित्रपटात हल्क साकारणारे अभिनेते मार्क रफालो यांनी आपल्या मुली आणि भाच्यांसाठी ब्लॅक विडोच्या वस्तू काढाव्यात, अशी जाहीर विनंती मार्व्हलला केली होती. त्याच वर्षअखेरीस ‘स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स’ आला. त्याची नायिका रे, पण त्यावर आधारित मोनोपोली खेळाच्या चार सोंगट्यांत तीच नव्हती. अमेरिकेतील आठ वर्षांच्या एका मुलीने कंपनीला पत्र लिहिले. कथेतील रहस्य फुटू नये म्हणून रे वगळली, असे कंपनीचे स्पष्टीकरण होते. टीका वाढल्यावर जानेवारी २०१६ मध्ये तिचा समावेश करण्याची घोषणा झाली.

खेळण्यांपुरतेच हे मर्यादित असते, तर ती बाजाराची खोड म्हणून सोडून देता आली असती. ‘आयर्न मॅन ३’चे (२०१३) दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी २०१६ मध्ये जे सांगितले, ते मात्र अधिक गंभीर आहे. पटकथेच्या एका आधीच्या खर्ड्यात खलपात्र स्त्री होते; स्त्री खलपात्राची खेळणी कमी खपतील, या हिशेबाने ते पुरुष करण्यात आले. दुकानातील फळीचा विचार पटकथाकाराच्या टेबलापर्यंत पोहोचला होता. दूरचित्रवाणीवरील महानायकांच्या मालिकांचे लेखक पॉल डिनी यांनीही २०१३ मध्ये अशीच तक्रार केली होती. मुली खेळणी घेत नाहीत, असे मानणाऱ्या वाहिन्यांच्या अधिकाऱ्यांना मुलींचा प्रेक्षकवर्ग नकोसा वाटतो, असे त्यांचे म्हणणे होते.

नायिका खरोखरच खपत नाही का? २०१३ च्या ‘फ्रोझन’ने या समजुतीला जबर तडा दिला. एल्सा आणि आना या दोन बहिणींच्या बाहुल्या आणि पोशाख अमेरिकेत दुकानांत टिकेनात. २०१४ च्या नाताळपूर्व पाहणीत मुलींच्या खेळण्यांत अनेक वर्षे पहिली असलेली बार्बी ‘फ्रोझन’मुळे मागे पडली. मात्र या यशाचा अर्थ बाजाराने आपल्या सोयीने लावला. एल्सा आली ती मुलींच्या गुलाबी-निळ्या विभागात. मुलांच्या विभागाची दारे तिला उघडली नाहीत. स्त्री पात्रांची अनुपस्थिती मुलींना जाणवते, हे उघडच आहे. पण कर्तबगार स्त्रीचे चित्र पाठीवर घेऊन शाळेत जाण्याची वेळ मुलग्यांवर कधी येतच नाही, या दुसऱ्या बाजूची चर्चा फारशी होत नाही.

भारतात या गुंत्यात आणखी काही पदर मिसळतात. आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. देशी उद्योगाला त्यामुळे बळ मिळाले; पण महाग झालेल्या परदेशी बाहुल्यांतून दुकानदार हमखास जाणारीच निवडणार, म्हणजे पुन्हा नायकच. विनापरवाना छापल्या जाणाऱ्या दप्तरांवरही भित्तिपत्रकाच्या मध्यभागी असलेलाच चेहरा उमटतो.

देशी पात्रांची स्थितीही वेगळी नाही. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनने घडविलेला छोटा भीम २००८ पासून दूरचित्रवाणीवर आहे आणि पुढे चित्रपटांतही आला. भीमाला बळ मिळते लाडवांतून, ते लाडू असतात चुटकीच्या आईच्या दुकानातले आणि ते त्याला पुरवते चुटकी. दप्तरावर मात्र ती दिसलीच तर गटचित्रात, भीमाच्या मागे. ‘मोटू पतलू’च्या फुरफुरीनगरात तर ठळक पात्रे सगळी पुरुषच आहेत, तेथे वगळायलाही कोणी नाही.

बंगळुरूच्याच होम्बाळे फिल्म्सने प्रस्तुत केलेल्या ‘महावतार नरसिंह’ (२०२५) या अ‍ॅनिमेशनपटापासून सात चित्रपटांची मालिका जाहीर झाली असून ती २०३७ पर्यंत चालणार आहे. शीर्षके विष्णूच्या अवतारांची, त्यामुळे नावे पुरुषांची असणे क्रमप्राप्त आहे. प्रल्हादाच्या कथेत कयाधू आणि होलिका असतात, रामकथेत सीता असते. पण वस्तूवर कोणाचे चित्र यायचे, हे बहुधा शीर्षक ठरवते. (मोहिनी हे विष्णूचेच रूप, दशावतारांच्या यादीत मात्र तिला जागा नाही.)

जयनगरला याचा विचार करताना दोन गोष्टी आठवल्याशिवाय राहत नाहीत. चौथ्या ब्लॉकच्या व्यापारी संकुलात पूर्वी पुट्टण्णा कणगाल यांच्या नावाचे चित्रपटगृह होते. ‘गेज्जे पूजे’, ‘शरपंजर’ यांसारख्या स्त्रीकेंद्री चित्रपटांसाठी हा कन्नड दिग्दर्शक ओळखला जातो. दुसरी गोष्ट दसऱ्याच्या बाहुल्यांची. मराठी घरांत चैत्रगौरीपुढे आरास होते, तशी येथील घरांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. त्यांत मान असतो ‘पट्टद गोंबे’ या लाकडी राजा-राणीच्या जोडीचा. लग्नात लेकीला माहेरून ही जोडीच दिली जाते. राणीला स्वतंत्र पराक्रम नसेल, पण तिच्यावाचून मांडणी पुरी होत नाही.

कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२४ पासून मोठ्या दुकानांना मुले-मुली असा भेद न करणारा खेळण्यांचा एक विभाग ठेवणे बंधनकारक झाले आहे. भारतात असा नियम नाही. २०२१ पासून लागू असलेला गुणवत्ता नियंत्रण आदेश खेळण्यातील घातक रसायने, धारदार कडा आणि सुटे भाग तपासतो. खेळणे कोणत्या पात्राचे आहे, हा त्याचा विषय नाही. जयनगरच्या बाजारातील विक्रेता पुढच्या हंगामाचा माल घाऊक व्यापाऱ्याकडे नोंदवतो, तो गेल्या हंगामात काय संपले हे पाहून. जे ठेवलेच नव्हते, त्याची नोंद त्या हिशेबात होत नाही.